सोळा तास म्हणजे काय

आमच्या गल्लीतले मेडिकलवाले काका विमानात कधी बसलेले नाहीत. गंगापूरच्या एसटीतही त्यांना मळमळतं. तरी तान्हं लेकरू घेऊन परदेशी निघालेलं कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही.

"चढताना पाजा, उतरताना पाजा, कान दुखत नाय. सोळा तास म्हणजे काय लई नाय!"

आम्हालाही त्यांनी हे सगळं औषधाच्या पाकिटावर लिहून दिलं. आमची लेक सोळाही तास रडली, पण परत आल्यावर मी ते त्यांना सांगितलं नाही. फक्त विचारलं, "काका, कॅनडातला नातू यंदा तरी येतोय ना?"

गोळ्यांची पट्टी कापत ते म्हणाले, "पोराचं म्हणणं, लेकरू लहान हाय, एवढा प्रवास झेपायचा नाय."

काउंटरच्या काचेखालच्या फोटोत नातवाचे पुढचे दोन दुधाचे दात पडलेले दिसतात.