तालमीत न म्हणायचं वाक्य

डोलिना स्वॉन्सनच्या नाटकमंडळीची गाडी थर्सोच्या एका मर्तिकवाल्याकडून घेतलेली होती. लांबलचक, काळी, मागे दोन दारं. एखाद्या गावात शिरली की रस्त्यावरचे म्हातारे टोपी काढून उभे राहायचे. मग पुढच्या दारातून डोलिना उतरली की टोपी परत डोक्यावर चढायची. "हीच होय! म्हणजे मेलं कुणी नाही, नाटक आहे नुसतं." हे नुसतं नाटक घेऊन ती बाई पस्तीस-चाळीस हिवाळे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला आमच्या केथनेसच्या गावागावांतून फिरली.

तिचा बाप विक गावच्या बंदरावर हेरिंग माशांची पिंपं बनवायचा. आजी त्याच बंदरावर मासे कापायची. पोरगी मात्र ग्लासगोला नाट्यशिक्षण घ्यायला गेली, आणि बापानं सगळ्या धक्क्याला सांगितलं की ती नर्सिंग शिकते आहे. ग्लासगोवाल्यांनी तिला दिग्दर्शन शिकवलं आणि तिची बोलण्याची उत्तरेकडची ढब घासून काढायचा प्रयत्न केला. पहिलं तिनं घेतलं, दुसरं तिथंच ठेवून आली. तिथल्या एका बड्या थिएटरात दोन वर्षं सहायक होती. सहायक म्हणजे दिग्दर्शकाचा चहा आणणे आणि तो चुकला की मूग गिळून बसणे. दुसरं काम तिच्यानं होईना. घरी परत आली आणि चार माणसं, दोन दिवे आणि ही मढ्याची गाडी एवढ्यावर तिनं संसार मांडला.

आमच्या गावांत थिएटर नसतं, हॉल असतो. त्याच हॉलात लग्नाचं जेवण, त्याच हॉलात मेंढ्यांच्या किमतीवरून भांडणं, आणि हिवाळ्यात एखादं नाटक. प्रेक्षक अंगातला कोट काढत नाहीत. बायका विणकाम घेऊन येतात. मध्यंतरात सूप मिळतं आणि सोडत निघते. बक्षीस व्हिस्कीची बाटली नाहीतर डब्यातला सामन मासा. नाटक संपल्यावर कुणी "वाईट नव्हतं" म्हणालं तर ती आमच्याकडची सर्वांत मोठी तारीफ. डोलिनानं आयुष्यात ती सात-आठदा मिळवली असेल, आणि प्रत्येक वेळी कुठल्या गावात, कुणाच्या तोंडून, ते तिला पाठ होतं.

नियम तिचा एकच होता, पण काळ्या दगडावरची रेघ. नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत उच्चारायचं नाही. हा जुन्या नाटकवाल्यांचा संकेत. पुष्कळ ठिकाणी लोक तो आता हसण्यावारी नेतात. डोलिना नेत नसे. "तालमीतच नाटक पुरं झालं, तर हॉलातल्या माणसांनी कशाला यायचं? सूप प्यायला?" असं ती विचारायची. तेव्हा तिच्या मंडळीत शेवटच्या वाक्याची वेळ आली की नट जवळच्या लाकडावर बोटांनी दोनदा ठोकायचा. टक, टक. की तालीम संपली. ते वाक्य पहिल्यांदा ऐकू यायचं ते पहिल्या खेळाला, सगळ्यांच्या बरोबर डोलिनालाही.

या नियमानंच तिचं वाटोळं केलं, असं तिचा दिवेवाला बज म्हणायचा. बज म्हणजे गाडी चालवणारा, पडदे टांगणारा, खिळे ठोकणारा, आणि डोलिनाला तोंडावर बोलू शकणारा एकुलता एक माणूस. तो म्हणायचा त्यात तथ्य होतं. त्यासाठी आयना बेनची गोष्ट सांगायला हवी.

आयना मंडळीत आली तेव्हा दोघी तिशीच्या आत होत्या. आयना लायब्रस्टरच्या शाळेत स्वयंपाक करायची. डोलिनानं तिला ओट्सच्या लापशीचं भांडं घासत मुलांना रागावताना ऐकलं आणि तिथल्या तिथे नाटकात ओढलं. काय आवाज होता तो! मागच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा वाटायचं की बाई आपल्याच कानाशी बोलते आहे. डोलिनाचा त्या आवाजावर जीव जडला, आणि मग आवाजापुरता राहिला नाही. दोघी एकाच घरात राहायच्या. गाव म्हणायचं, मैत्रिणी आहेत, भाडं वाचतं. त्या काळी आमच्याकडे त्याला दुसरा शब्द नव्हता. निदान चहाच्या टेबलापाशी काढण्यासारखा नव्हता. गंमत म्हणजे तो शब्द त्या दोघींनीही एकमेकींपाशी कधी काढला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय आम्हा उत्तरेकडच्यांना जन्मापासूनच.

जे तोंडानं बोलवेना ते डोलिनानं नाटकात घातलं. 'चिंध्यांची बोटं' हे तिनं स्वतः लिहिलेलं एकमेव नाटक. तिच्या आजीसारख्या मासे कापणाऱ्या मुलींचं. त्या हेरिंगच्या मागोमाग बंदरोबंदरी जायच्या, आणि सुरीनं बोट कापू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधायच्या. आयनाची भूमिका अशाच एका मुलीची. शेवटी ती घर सोडून दूर दक्षिणेत यारमथ बंदराला निघते. घराच्या बंद दाराबाहेर उभी राहते आणि आतल्या मैत्रिणीला सांगते, "दाराला कडी घालू नको. मी येतेच आहे." एवढंच वाक्य. रंगमंचावर दार खरं होतं, एका पडक्या घराचं बजनं काढून आणलेलं. आणि त्या दारामागे, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी, स्टुलावर संहिता घेऊन कोण बसायचं? डोलिना. तालमींत आयना यायची, दारावर दोन टिचक्या मारायची, टक टक, आणि आत डोलिना न आलेल्या वाक्यासाठी दाराला कान लावून बसायची.

पहिला खेळ लायब्रस्टरला ठरला होता. त्या दिवशी बर्फ पडलं. साधं नव्हे, रस्ता कुठे आणि समुद्र कुठे कळू नये असं. खेळ रद्द झाला, पुढचे दोनही झाले. आयनाचा मात्र कॅनडात नोव्हा स्कोशियाला जायचा दिवस ठरलेला होता. तिकडच्या एका मंडळीनं तिला वर्षाचं काम देऊ केलं होतं, आणि डोलिनानं "जा की, वर्षच तर आहे" असं स्वतःच म्हटलं होतं. रेल्वे पुन्हा सुरू झाली त्या सकाळी दोघी विकच्या स्टेशनात उभ्या राहिल्या. आयना डब्यात चढली, खिडकी खाली केली आणि म्हणाली, "डोलिना, म्हणू का ते? एकदाच. आता खेळ तर होत नाही."

डोलिनाचा जीव कानांत गोळा झाला होता. पण तोंडातून निघालं ते हे: "वेडी आहेस का? प्रेक्षक कुठायत? अपशकुन होईल."

आयना हसली. खिडकीच्या लाकडी चौकटीवर तिनं दोनदा ठोकलं. गाडी गेली.

वर्षाची दोन वर्षं झाली, मग आयनाचं तिकडे लग्न झालं, मग नाताळची कार्डं येत राहिली. डोलिनानं ते नाटक पुन्हा बसवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "पात्र मिळत नाही." इतर नाटकं जोरात केली, राजे, खुनी, सासवा, भुतं, सगळं झालं. पण प्रवासात सगळे झोपलेले असताना गाडीच्या खिडकीला कपाळ टेकून ती ते वाक्य आयनाच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न करायची. शब्द यायचे, आवाज यायचा नाही. ऐकलेलंच नव्हतं, तर आठवणार कुठून? उभ्या आयुष्यात तिला दुसरं काही इतकं हवं नव्हतं.

आणि मग परवाच्या हिवाळ्यात, डोलिना सत्तरीला टेकलेली असताना, आयना परत आली. नवरा गेलेला. ब्रोरा गावच्या भाचीनं तिला आपल्याकडे आणून ठेवली होती. भाचीनं फोनवर स्पष्टच सांगितलं, "मावशीचं आताचं काही राहत नाही बघा डोक्यात. जुनं मात्र सगळं लख्ख आहे. किटलीत दूध ओतते आणि तुमच्या नाटकातली भाषणं म्हणते."

डोलिनानं त्याच दिवशी जाहीर केलं की मंडळीचं शेवटचं नाटक 'चिंध्यांची बोटं' असेल, आणि त्यात आयना बेन असेल. बजनं डोक्याला हात लावला.

"सत्तरीची बाई विशीची पोरगी करणार?"

"डोक्याला रुमाल बांधला की झालं. आपल्या हॉलांत चालतं."

"आणि भाषणं?"

"ती बघ तू नुसती."

खरंच बघण्यासारखं होतं. समोरचा म्हातारा म्हणजे बजच, हे आयनाला रोज नव्यानं सांगावं लागे. पण रुमाल बांधून तिला उभी केली की भाषणं न अडखळता बाहेर पडत. बोटांना चिंध्या बांधायची तर दातांत गाठ धरून, अशी झटपट, की भाची तोंडाला हात लावून बघत राहिली. आवाज थोडा चिरकला होता, पण अजून कानाशी येऊन बोलायचा. आणि शेवटी दारापाशी येऊन टक, टक. नियम विसरली नव्हती ती.

खेळाच्या आदल्या दिवशीच्या तालमीनंतर बज डोलिनाला बाजूला घेऊन बसला. "डोलिना, ऐक माझं एकदा. तिला ते वाक्य म्हणायला लाव. आज, इथे. जे तिच्या तोंडात बसलंय ते तेव्हाचं बसलंय. हे वाक्य तिनं तोंडातून काढलंच नाही कधी. ते यायचं कुठून?"

"वाचलंय तिनं."

"वाचलेलं डोक्यात असतं, बाई. डोकं राहिलंय का तिचं?"

डोलिनाला ते पटलं. पटलं म्हणूनच राग आला. "इतकी वर्षं थांबले ती काय आदल्या दिवशी कोट घालून, खुर्च्या मांडता मांडता ऐकायला? उद्या ऐकेन. सगळ्यांबरोबर."

"हट्टाला औषध नाही," बज म्हणाला आणि खुर्च्या मांडायला गेला.

खेळ लायब्रस्टरच्याच हॉलात होता, दुपारचा, म्हणजे म्हाताऱ्यांना उजेडात घरी जाता यावं. हॉल गच्च भरला. जुनी माणसं आयनाला ओळखून कोपरानं एकमेकांना ढोसत होती. "बेनांची पोरगी ती. आमच्या शाळेत लापशी करायची." नाटक रंगत गेलं. विणकामाच्या सुया थांबल्या, आणि आमच्या हॉलात त्या थांबणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दारामागे स्टुलावर डोलिना संहिता मांडीवर घेऊन बसली होती. पान बघायची गरज तिला नव्हती.

आयना बोचकं घेऊन दाराबाहेर आली. पावलं थांबली.

टक, टक.

आणि पुढे काही नाही.

डोलिनाला क्षणात उमगलं. वाक्याच्या जागी आयनाच्या हातांना जे ठाऊक होतं ते हातांनी केलं होतं. इतक्या तालमींनी तेच तर शिकवलं होतं, आणि शिकवणारी आत बसली होती. बाहेर आयना उभी होती, आता पुढे काय ते न कळून. फळ्यांच्या फटीतून तिचे चिंध्या बांधलेले हात दिसत होते. ते चिंधीची गाठ चाचपडायला लागले.

स्टुलावर बसलेल्याचं काम असतं वाक्य सुचवायचं. पण सुचवलं की ते पहिल्यांदा डोलिनाच्या तोंडून उच्चारलं जाणार, आणि आयनाचं होणार ते फक्त मागून म्हटलेलं. इतक्या वर्षांची वाट इथं संपणार. डोलिना एक श्वास थांबली, एकच. मग फटीला तोंड लावून ती म्हणाली, "दाराला कडी घालू नको. मी येतेच आहे."

बाहेरचे हात थांबले. आयनानं दाराला कान लावला.

"कोण आहे आत?" ती म्हणाली, त्या कानाशी येणाऱ्या आवाजात. "डोलिना?"

"हो."

"अगं मग उघड की. किती गार आहे बाहेर."

चाळीस वर्षांत डोलिना स्वॉन्सन प्रेक्षकांसमोर कधी आली नव्हती. वाकून नमस्कार करायलाही नाही. तिनं दार उघडलं. या जागी बजनं दिवे मालवायचे होते. त्यानं मालवले नाहीत. पुढे विचारलं तर तो म्हणायचा की बटण अडकलं. तेव्हा हॉलानं पाहिलं ते असं: रुमाल बांधलेली एक म्हातारी, जुन्या स्वेटरातली दुसरी म्हातारी, आणि दुसरी पहिलीचे हात आपल्या हातांत धरून चोळते आहे. एका म्हातारीनं विणकाम बाजूला ठेवून टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

नंतर चहाच्या टेबलापाशी मासळीवाला गुन डोलिनाजवळ आला, घसा खाकरला आणि "वाईट नव्हतं," म्हणाला. तिनं ते ऐकलंसुद्धा नाही. ती आयनाच्या बोटांच्या चिंध्या सोडत होती. आयना एका हातानं स्कोनचा गोड पाव खात होती आणि हॉलभर बघत होती.

"डोलिना," ती हळूच म्हणाली, "ते शेवटचं मी म्हटलं का ग?"

"नाही."

"बरं झालं बाई." आयनाचा जीव भांड्यात पडला. "तालमीत म्हणायचं नसतं."

डोलिनानं शेवटची चिंधी सोडली, घडी केली आणि खिशात ठेवली.

"हो," ती म्हणाली. "उद्या म्हण."