पेंडशांकडचं विलायती भूत

चार जुने कंपनीवाले एकत्र बसले की बोनस, संप, कॅन्टीनची पातळ उसळ हे विषय अर्ध्या तासात संपतात. भूत मात्र संपत नाही! कुणीतरी म्हणतं, "पेंडशांकडचा गुरुवार आठवतो का रे?" आणि घरातून चहाचं आधण पुन्हा चढल्याचा आवाज येतो. प्रत्येकाकडे एक किस्सा असतो, आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. माझ्याकडे सगळ्यांचे आहेत, कारण मी पेंडशांच्या शेजारी राहत होतो आणि कडेच्या खुर्चीवर बसायचो.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. चिंचवडला आमची कंपनीची कॉलनी होती आणि आमच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही एकच, स्टोअरकीपर पेंडशांचा. गुरुवारी संध्याकाळी एक इंग्रजी मालिका लागायची. शंभर वर्षांपूर्वीचं इंग्लंड, बाहेर धुकं, धुक्यात भला मोठा बंगला, बंगल्यात उंच टोपीवाला लॉर्ड, आणि हातात मेणबत्ती घेऊन जिन्यावरून फिरणारी एक मेलेली बाई. आमच्या औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच. त्यामुळे कुणाला शिफ्टचं निमित्त नव्हतं. पेंडशांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग लागायचा, आत दिवे बंद व्हायचे, आणि बोलावण्याची पद्धत नव्हती म्हणून हाकलण्याचीही नव्हती.

*

इंग्रजी कळत कुणालाच नव्हतं, पण तसं म्हणायचं कसं? म्हणून आमचे दुभाषे प्लॅनिंग खात्याचे साठे. कुठला माल कधी तयार होणार हे सांगणं ही त्यांची नोकरी. माल कधीच त्या तारखेला तयार व्हायचा नाही, पण ते सांगायचे इतक्या ठामपणे की पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच विचारलं जायचं. तेच साठे टीव्हीशेजारी बसून आम्हाला मालिका समजावून द्यायचे.

एकदा तो लॉर्ड खिडकीशी उभा राहून चांगला दोन-तीन मिनिटं बोलला. डोळ्यांत पाणी, आवाजात कंप. आम्ही सगळे साठ्यांकडे वळलो.

"तो म्हणतोय, नको," साठे म्हणाले.

पुढच्याच प्रसंगात नोकराणीने काहीतरी विचारलं आणि लॉर्ड नुसता "नो" म्हणाला. त्यावर साठे जे सुरू झाले, ते लॉर्डच्या आजोबांपासून! इस्टेट, भाऊबंदकी, धाकटीचं फसलेलं लग्न... बातम्या लागल्या तरी त्यांचं "नो" संपलं नव्हतं.

खरं तर पेंडशांची मुलगी नलू आमच्याच कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर साहेब लोकांचं इंग्रजी तिच्या कानावर पडायचं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून शांतपणे मालिका बघायची. पण विचारायचं ते साठ्यांना, अशीच पद्धत पडून गेली होती.

*

पहिल्या दोन-तीन भागांतच पेंडसे हवालदिल झाले. चित्र काळंकुट्ट! हप्त्यावर घेतलेला सेट बिघडला म्हणून त्यांनी पिंपरीहून इब्राहिमभाईंना बोलावलं. रेडिओ असो, टीव्ही असो, आमच्या भागात त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागायचा नाही. इब्राहिमभाईंनी मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, गच्चीवर जाऊन अँटेना फिरवून आले, खाली येऊन सगळी बटणं पिळून पाहिली. मग समोर बसून पूर्ण भाग पाहिला. आम्ही श्वास रोखून.

शेवटी ते उठले, पिशवी उचलली आणि म्हणाले, "काका, सेट एकदम ओके आहे. त्यांच्या बंगल्यातच लाइट नाहीये, त्याला मी काय करू?"

पैसे घेतले नाहीत. पुढच्या गुरुवारी बायकोला घेऊन आले, पाहायला.

*

मेंटेनन्सचा गायकवाड मोशीचा. घरची शेती सांभाळून कंपनीत फिटर. भुताची त्याला भीती शून्य, पण त्या बंगल्याचा त्याला मनापासून राग होता. दार उघडलं की कर्र्र, जिन्यावर पाय ठेवला की कर्र्र! बायका डोळ्यांवर पदर घ्यायच्या आणि गायकवाड मांडीवर हात आपटायचा.

"एवढा मोठा बंगला, धा नोकर, आन बिजागरीला थेंबभर त्याल न्हाई? आमच्या खात्यात आसतं तर मेमो हातात पडला आसता, मेमो!"

एका भागात तर ती मेलेली बाई दाराआडून आली आणि नेमकं दार वाजलंच नाही. सगळी खोली किंचाळली. गायकवाड एकटा टाळ्या वाजवत होता.

"आली बगा लाइनीवर! मेल्यावर का व्हईना, येकीनं तरी त्याल घातलं!"

*

बायकांचं प्रकरण निराळंच होतं. पेंडसेकाकू आणि त्यांच्या मैत्रिणी क्रोशाच्या सुया घेऊन पुढच्या रांगेत बसायच्या. त्या बंगल्यातल्या बायकांचे झगे गळ्यापासून घोट्यापर्यंत लेसचे. भूत तर नखशिखांत लेसमध्ये! ते समोर आलं की पुरुष खुर्चीत मागे सरकायचे आणि बायका पुढे.

एकदा भूत अगदी जवळ आलं, हात पुढे केला, आणि चित्र बदललं. आम्ही मागे सरकवलेल्या खुर्च्या पुढे घेतोय, तोच काकू चिडून म्हणाल्या, "मेलं अजून जरा थांबलं असतं तर बाहीची नक्षी पुरी दिसली असती!"

त्या दिवाळीत आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या टेबलांवर भुताच्या कॉलरच्या नक्षीचे रुमाल होते.

आमच्या सौभाग्यवतींना मात्र भूतच आवडायचं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ठरलेल्या वेळेला घरात दिसतं तरी! तुमचा ओव्हरटाइम कधी संपेल ते त्या भुतालाही सांगता यायचं नाही."

*

धोंडेगुरुजी कॉलनीच्या शाळेत शिकवायचे. मालिकेला त्यांचा कडाडून विरोध. असल्या गोष्टींनी पोरांची मनं दुबळी होतात, आपल्या संस्कारांना हे शोभत नाही, वगैरे. हे सांगायला ते दर गुरुवारी सगळ्यांच्या आधी यायचे आणि टीव्हीसमोरची जागा धरायचे. "विरोध करायचा तर अभ्यास हवा," असं त्यांचं म्हणणं.

एका गुरुवारी मालिका रद्द झाली आणि तिच्या जागी कांद्यावरच्या रोगाचा कार्यक्रम लागला. आम्ही हिरमुसलो खरे, पण उठून घरी निघालो. गुरुजी जागचे हलेनात. चेहरा लालबुंद.

पेंडसे म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मनासारखं झालं की!"

"अहो, कसलं मनासारखं?" गुरुजी कडाडले. "वाईट गोष्ट दाखवणं वाईटच. पण अर्धवट दाखवणं हा शुद्ध हलकटपणा आहे!"

*

आता पेंडशांची खरी काळजी सांगतो. वर्षअखेर ते रिटायर होणार होते, म्हणजे क्वार्टर सोडावी लागणार. थेरगावात दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. त्याआधी नलूचं लग्न व्हावं, एवढंच त्यांचं मागणं. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. कारण काय, तर मुलगी फार बोलत नाही, नुसती बघत राहते. पेंडसे स्टोअरमध्ये माझ्याशी बोलताना नटबोल्ट उगाच या खणातून त्या खणात टाकत बसायचे. फार वाईट वाटायचं. मुलीला स्वतःला कोण हवंय हे मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या 'कुणी'मध्ये मीही आलोच.

तिसरा मुलगा पुण्याचा, इंजिनिअर, इंग्रजी शाळेतला. गुरुवारीच आला. आला तो साठ्यांच्या शेजारी बसला आणि आख्खा भाग आम्हाला साठ्यांपेक्षा मोठ्या आवाजात समजावला. साठे पहिल्यांदा गप्प झालेले पाहिले. पेंडशांचा चेहरा उजळला. आता जमलंच!

कार्यक्रम संपला, दिवे लागले. मुलाने विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

नलू म्हणाली, "हो. त्या काळ्या मांजराचं पुढे काय झालं?"

"मांजर ना?" तो सरसावून बसला. "ते सिम्बॉलिक आहे. लॉर्डने त्याला विष घातलं, म्हणून तर बाईचा आत्मा भटकतो. पुढच्या भागात ते परत येणार बघा."

मंडळी गेल्यावर नलूने कपबशा गोळा केल्या आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, हे नको."

"अगं, पण का? एवढा हुशार मुलगा!"

"बाबा, त्या बंगल्यात मांजरच नाहीये."

पेंडसे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. कारण विष घातल्याचं ऐकून मी मघाशी मान डोलावली होती.

*

शेवटचा भाग होता त्या गुरुवारी चौथा मुलगा यायचा होता. कासारवाडीचा, एका छोट्या वर्कशॉपमध्ये डाय मेकर, म्हणजे साचे बनवणारा. वेळ पाचची ठरली होती, म्हणजे मालिकेच्या आधी पाहुणे जातील. पण त्याचे मामा लोणावळ्याहून यायचे होते आणि गाडीचा घोळ झाला. पाहुणे दारात आले तेव्हा दिवे बंद, खोली खच्चून भरलेली, आणि बंगल्याचं तळघर नुकतं उघडत होतं!

पेंडसे अंधारात हात जोडून उभे. कुणी उठायला तयार नाही. मी उठलो, तर गायकवाडने मला खाली ओढलं. शेवटी मुलाची आईच म्हणाली, "असू द्या हो! मीच वाटभर हळहळत आले, शेवटचा भाग चुकला म्हणून. जरा सरका बघू, ताई." आणि काकूंच्या क्रोशाशेजारी बसली. मुलगा सतरंजीच्या टोकावर, दाराशी, चपलांना टेकून.

तळघरात शवपेटी, पेटीवर मेणबत्ती, लॉर्ड गुडघ्यांवर. मेणबत्ती विझली. कोण हसलं, कोण रडलं, धाकटी बहीण दार लावून कुठे गेली, काही पत्ता नाही. अक्षरं वर सरकायला लागली. संपलं!

दिवे लागले, काकू पोह्यांसाठी आत पळाल्या आणि नुसता कालवा. साठे म्हणाले, लॉर्डच भूत होता. गुरुजी म्हणाले, भूत नव्हतंच, हा त्यांच्या साम्राज्याचा अंत. गायकवाड म्हणाला, तळघराला हवा यायला जागा न्हाई, समदे गुदमारले. इब्राहिमभाई म्हणाले, मेणबत्तीपेक्षा कंदील बरा. त्या गोंधळातच नलू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. बघण्याचा कार्यक्रम आहे हे तेव्हा आम्हाला आठवलं. तरी उठलं कुणीच नाही!

मामांनी नाव, शिक्षण विचारलं. मग आई मुलाला म्हणाली, "तुला काही विचारायचं असेल तर विचार."

त्याने नाही म्हणून मान हलवली. म्हणाला, "त्यांनाच काही विचारायचं असेल तर..."

पेंडशांनी डोळे मिटले. नलूने बशी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "त्या काळ्या मांजराचं शेवटी काय झालं?"

"दुसऱ्याच भागात मेलं की ते!" कोपऱ्यातून साठे.

"आत्म्याचं प्रतीक ते," गुरुजी.

"त्येनंच मेणबत्ती पाडली, म्या बगितलं," गायकवाड.

मुलगा एकेकाकडे बघत राहिला. कान लाल झालेले. आई खुणावत होती, काहीतरी बोल. शेवटी तो बशीकडे बघून म्हणाला, "मला मांजर दिसलंच नाही. खरं सांगू का, सगळे भाग पाहिले, पण मला काहीच कळलं नाही. इंग्रजी माझं यथातथाच आहे."

त्याच्या आईने कपाळाला हात लावला.

नलू स्वयंपाकघराकडे वळली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, यांना आणखी पोहे आण. आणि खोबरं जास्त घाल."