बाभळीचा आवाज आणि रंगनाथरावांचा कान

रंगनाथराव शेजूळ यांची माझी ओळख झाली ती विहिरीवरच्या मोटारींच्या रांगेत. मी तेव्हा अंबडच्या कोर्टात स्टेनो म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवत असे. चार जाड तारांचे हे वाद्य. वाजत असते तेव्हा त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते, बंद पडले की मात्र सगळे मागे वळून बघतात. माझ्या गिटारीतून महिनाभर सारखी घरघर येत होती. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी बजावले होते, की आठ दिवसांत ती गेली नाही तर बासचे काम की-बोर्डवर भागवू. साक्षीला आलेल्या एका शेतकऱ्याने कोर्टाच्या व्हरांड्यात माझे रडगाणे ऐकले आणि बसस्टँडमागच्या शेजूळांच्या वायंडिंगच्या दुकानाचा पत्ता दिला. जळालेली मोटार सगळा तालुका तिथेच भरून घेतो, एवढाच त्याच्याजवळ पुरावा होता.

दुकानात गिटार घेऊन शिरलो तेव्हा रंगनाथरावांनी मानही वर केली नाही. "रांगेत बसा साहेब," ते म्हणाले. "लोकायला हरभऱ्याला पाणी द्यायचंय. गाणं थांबल, पीक न्हाई थांबत."

दोन तासांनी माझी पाळी आली. बास गिटार त्यांनी त्याआधी कधी हातात धरलेली नव्हती. मोटारीचे बेअरिंग ऐकण्यासाठी मेकॅनिक लोक लांब पेचकसाचे टोक लोखंडाला टेकवतात आणि मूठ कानाशी धरतात. रंगनाथरावांनी तोच पेचकस माझ्या गिटारीच्या अंगाला लावला, मला एकेक तार छेडायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग गिटार माझ्या ॲम्प्लिफायरला जोडून तारांवर तळहात ठेवला. हात लागताच कमी व्हायला हवी ती घरघर होती तेवढीच राहिली.

"बेअरिंग बराबर हाये," ते म्हणाले. "अर्थिंग तुटलंय. तुमच्या ह्या गिटारीत न् त्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीत बिलकुल फरक न्हाई."

तारा खालच्या बाजूला जिथे टेकतात त्या ब्रिजखालून येणारी एक बारीक तार सुटली होती. त्यांनी तिला डाख दिला आणि घरघर गेली. ऑर्केस्ट्रातली माझी जागा त्या दिवशी राहिली ती अजून आहे. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'स्टेनोसाहेब' झालो आणि ते माझ्यासाठी 'आबा'.

पुढे दर रविवारी मी त्या दुकानात जाऊ लागलो. खरे तर आबांनीच मला बोलावले, कारण गिटारीतला, तारांचा थरार पकडणारा पिकअप उघडून पाहिल्यापासून त्यांना चैन नव्हती. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, म्हणजे त्यांच्या आयुष्यभराचाच धंदा. फरक एवढाच, की ही तार केसाहून बारीक आणि वेढे हजारांनी. मोटारीची कॉइल गुंडाळायच्या त्यांच्या हातयंत्राला वेढे मोजणारा काटा होता. त्यावर त्यांनी पहिला पिकअप भरला तेव्हा तार किती वेळा तुटली हे मी इथे लिहीत नाही. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकूंनी, त्या आठवड्यात त्यांच्याशी बोलणे टाकले होते. पण पिकअप वाजला. वेढे वाढवले तर आवाज दांडगा होतो आणि वरची धार कमी होते, वेढे कमी केले तर आवाज स्वच्छ पण बारका येतो, हे त्यांनी मला पुस्तकातून सांगितले नाही. एकामागून एक पिकअप भरून ऐकवले. पिकअप ब्रिजजवळ सरकवला की आवाज कडक होतो, मानेकडे नेला की गोल होतो, हेही तसेच. टोनच्या बटणाखाली पंख्याच्या कंडेन्सरचाच एक चिमुकला भाऊबंद असतो आणि तो बदलला की झणझणीतपणा किती गाळला जाईल ते बदलते, हे मला आठ वर्षे गिटार वाजवूनही ठाऊक नव्हते. लाज वाटली, ती लपवण्यासाठी मी चहा मागवला.

आबांचा एक नियम होता आणि तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला लागू होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तारा बदलल्या तर त्या दिवशी पिकअपला हात लावायचा नाही. पिकअप बदलला तर तारा त्याच. बदल करण्याआधी मोबाइलवर आवाज भरून ठेवायचा, बदलल्यावर पुन्हा भरायचा आणि मग डोळे मिटून दोन्ही ऐकायचे. गिटार बंद करण्यापूर्वी आत कागद चिकटवून त्यावर पेन्सिलीने लिहायचे, काय होते आणि काय केले. "पुढचा मेकॅनिक काय देव हाये का, त्याला आपोआप कळायला?" असे ते म्हणत. कोर्टात रोज साक्षीपुरावे उतरवून घेणाऱ्या मला हा माणूस फार आवडला, यात नवल नाही. आमच्याकडे येणारे साक्षीदार इतके नेटके असते तर निम्मी प्रकरणे पहिल्याच तारखेला संपली असती.

या नियमाने त्यांनी माझे वाजवणेही वाचवले. कोर्टाच्या लोखंडी कपाटात माझे डाव्या हाताचे बोट चेंगरले. हाड जुळले, पण बोटात जोर उरला नाही. जाड तार दाबली की कळ थेट कोपरापर्यंत जायची. मी गिटार खोळीत घालून माळ्यावर टाकली आणि रविवारी दुकानात जाणेही सोडले. तिसऱ्या रविवारी आबा स्वतः माझ्या घरी आले, पिशवीत कानस आणि तारांचा संच घेऊन. "बोट बदलता येत न्हाई," ते म्हणाले. "मंग गिटार बदलू. आधी एकच." त्या दिवशी त्यांनी फक्त मानेच्या वरच्या टोकाच्या खाचा कानशीने खोल केल्या, म्हणजे तारा खाली बसतील आणि कमी दाबाव्या लागतील. पुढच्या रविवारी हलक्या तारा. त्याच्या पुढच्या रविवारी मान किंचित सरळ. चौथ्या रविवारी मी एक अख्खे गाणे वाजवले. आत जाऊन तोंड धुवावे लागले, ते का, हे आबांनी विचारले नाही.

आता बाभळीच्या गिटारीविषयी. आबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागवणाऱ्या पहिल्या निमंत्रणावर समितीने आबांचा उल्लेख 'बाभळीच्या बास गिटारीचे जनक' असा केला होता. आबांनी तो स्वतःच्या हाताने खोडला आणि मला म्हणाले, "स्टेनोसाहेब, तुम्ही हजर होते. जसं घडलं तसं लिहा. तुमचं पातेलंबी लिहा." म्हणून लिहितो.

आबांचे मूळ गाव हसनाबाद. त्यांच्या शेताच्या बांधावर वडिलांनी राखलेली एक बाभूळ होती. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी ती वादळात पडली. आबांनी तिच्या फळ्या कापून आणल्या, बरीच वर्षे वाळवल्या आणि त्यातून एका गिटारीचे अंग घडवले. मान एका मोडक्या गिटारीची, पिकअप स्वतः भरलेला. ती गिटार खांद्याला जड होती, पण आवाज असा जाड आणि मऊ, की ऐकणारा थांबे. जालन्याहून, संभाजीनगरहून वाजवणारे ती ऐकायला येत. आबा सांगत, "हा बाभळीचा आवाज हाये." एवढ्या काटेकोर माणसाने ही एक गोष्ट कधी तपासली नव्हती, आणि आमच्यापैकी कुणाला तसे सुचलेही नव्हते. दुकानात आता शेवटची एक फळी उरली होती. जालन्याच्या मनीषाताई शाळेत शिकवतात आणि बहिणींच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये बास वाजवतात. त्यांनी त्या फळीची गिटार मागितली होती. एका रविवारी त्या आवाज पक्का करायला येणार होत्या आणि दुसऱ्या दिवशी फळीला करवत लागणार होती.

त्या सकाळी मी आगाऊपणा केला. बाभळीच्या गिटारीवरच्या तारा वर्षानुवर्षांच्या घामाने काळ्या पडल्या होत्या. पाहुणी येणार, तर तारा जरा चमकाव्यात म्हणून मी त्या काढून दुकानामागच्या आबांच्या घरात नेल्या आणि उकळल्या. बास वाजवणारे हा उद्योग करतात; तारांचा मळ सुटतो आणि आवाज नव्यासारखा खणखणीत होतो. काकू शेजारी गेल्या होत्या, आबा बाजारात. मी तारा पुसून परत चढवल्या. आबा आले आणि त्यांनी आधीच ठरवल्याप्रमाणे गिटारीला पितळी ब्रिज बसवला. झाले. दोन गोष्टी बदलल्या आणि त्यांना एकच माहीत होती.

मनीषाताई आल्या. आबांनी त्यांना गिटार वाजवायला दिली आणि ऐकताच आबांचाच चेहरा उतरला. बाभळीचा आवाज गेला होता. त्या जागी एक झणझणीत, परका आवाज होता. आबांनी पितळी ब्रिज काढून जुना बसवला. आवाज परकाच. पिकअप उघडून पाहिला, कंडेन्सर तपासला. दुपार झाली. मी सगळे बघत होतो. पन्नाशीला आलेला माणूस मी, पण शाळेत काच फोडल्यासारखा गप्प उभा होतो. शेवटी आबांनी पेचकस खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "गिटार बराबर हाये. माझा कान गेला वाटतं."

तेव्हाच काकू आतून आल्या. हातात पातेले होते, त्याला आतून काळे कडे धरलेले. "माझ्या वरणाच्या पातेल्यात कोण काय शिजवून राह्यलं?"

मी कबुली दिली. आबा ओरडतील असे वाटले. ते खाली बसले आणि त्या काळ्या कड्यावरून बोट फिरवून पाहिले. मग म्हणाले, "तुमच्या गिटारीच्या तारा काढा. जल्दी."

माझ्या तारा तितक्याच मळलेल्या होत्या. त्या बाभळीच्या गिटारीवर चढवल्या आणि जाड, मऊ आवाज जागच्या जागी परत आला. मनीषाताईंनी टाळी वाजवली. मीही सुटकेचा श्वास सोडला. प्रकरण इथे मिटले असते. तारांना हात लावायचा नाही एवढे ठरवून फळी कापता आली असती आणि बाभळीचे नाव तसेच राहिले असते.

आबांनी ते मिटवले नाही. त्यांनी आवाज मोबाइलवर भरून घेतला. मग त्या गिटारीची मान, पिकअप, ब्रिज आणि त्याच मळक्या तारा एका साध्या आंब्याच्या फळीवर बसवल्या. दीड तास लागला. बदलले ते फक्त लाकूड. तोही आवाज भरला आणि आम्हा तिघांना भिंतीकडे तोंड करून बसवून दोन्ही आवाज उलटसुलट क्रमाने ऐकवले. मनीषाताईंचे अंदाज कधी बरोबर, कधी चूक. माझे जवळजवळ सगळे चूक. काकू म्हणाल्या, "दोन्ही एकच वाजून राह्यलेत की."

आबांनी मोबाइल बंद केला. "आवाज बाभळीचा न्हाई," ते म्हणाले. "मळक्या तारांचा न् पिकअपचा हाये. झाड बापाचं, म्हणून मला गोड लागून राह्यलं. इतके वर्षं लोकायला चुकीचं सांगितलं म्या." मला त्या क्षणी स्वतःचा फार राग आला, कारण त्यांच्या वडिलांची आठवण मी पातेल्यात घालून उकळली होती.

लाकडाला काहीच काम नाही, असेही ते कधी म्हणाले नाहीत. मान किती ताठ, वजन किती, एखादा स्वर मानेवरच्या एका जागी चटकन का मरतो, हे लाकडाकडे जाते, असे ते सांगत आणि मानेच्या टोकाला शिकंजा आवळून तो मेलेला स्वर दुसरीकडे कसा सरकतो ते दाखवतही. पण त्या दिवसानंतर बाभळीचा आवाज ऐकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी आधी ही हकीकत सांगितली आणि मगच गिटार हातात दिली. मनीषाताईंना म्हणाले, "बाभळीचीच पाहिजे तर करून देतो. पण आवाजासाठी म्हणून न्हाई." त्यांनी आंब्याची हलकी गिटार घेतली आणि आजही तीच वाजवतात. बाभळीच्या शेवटच्या फळीचे आबांनी रांगेत बसणाऱ्यांसाठी बाकडे केले. मोटार घेऊन आलेला माणूस आता त्यांच्या वडिलांच्या झाडावर बसतो, आणि आबा त्याला सांगतात, "बसायला मात्र बाभूळच पाहिजे."

रंगनाथरावांना पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत. आयुष्यभर मोटारींच्या आवाजात राहिल्याने त्यांच्या डाव्या कानाला आता बारीक आवाज येत नाही. हे त्यांनीच शोधून काढले, एकेक कान बंद करून, आणि मला सांगितले तेव्हा पेन्सिलीने कागदावर लिहूनही ठेवले होते. मला वाईट वाटले. त्यांनी पेचकसाची मूठ कानामागच्या हाडाला लावली, टोक गिटारीला टेकवले आणि म्हणाले, "वाजवा. इकडून बराबर येऊन राह्यलं."

मी वाजवली ती बाभळीचीच गिटार. त्यांनी ती आता मला देऊन टाकली आहे. मी उकळलेल्या तिच्याच तारा तिच्यावर परत चढवल्या आहेत आणि दर रविवारी माझ्या घामाने त्या थोड्या थोड्या काळ्या होत आहेत. जुना आवाज पुरता परतायला अजून काही वर्षे लागतील. तो ऐकायला आबा समोर हवेत, ठणठणीत हवेत, आणि त्यानंतर त्याच तारा पुन्हा उकळून पुन्हा मळेपर्यंत हवेत. पातेले या वेळी मी माझ्या घरून आणीन. डावा कान ही एक गोष्ट बदलली आहे. त्यांचाच नियम आहे, तेव्हा आता दुसऱ्या कशालाही कुणी हात लावू नये, एवढेच वरच्या मेकॅनिककडे मागणे.