अ तुकडीची पाटी

आमच्या शाळेत भेदभाव नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. तसं लिहिलेला फलक फाटकाशेजारी मीच लावला आहे, चार खिळे मारून. रोमानियातल्या सिरेत नदीकाठच्या या शाळेत मी सव्वीस वर्षं शिपाई आहे. शेगड्या पेटवायच्या, घंटा वाजवायची आणि हेडमास्तर पावेलेस्कू जे उचल म्हणतील ते उचलायचं, एवढं माझं काम.

पहिलीच्या दोन तुकड्या. अ तुकडी वरच्या मजल्यावर, उन्हाच्या खिडक्या, मोठी शेगडी आणि लुक्रेत्सियाबाई, ज्यांच्या हाताखालची दोन पोरं डॉक्टर झाली. ब तुकडी मागच्या अंगणातल्या खोलीत. तिथं आधी मी सरपण ठेवायचो. लाकडांना ओल लागते म्हणून लाकडं हलवली आणि पोरं बसवली. पोरं वीटभट्टीपलीकडच्या रोमा, म्हणजे जिप्सी, वस्तीतली, म्हणून कुणी काही बोललं नाही. "त्यांना त्यांच्या गतीनं शिकू द्यावं," असं हेडमास्तर म्हणायचे. गती अशी होती की चौथी संपेपर्यंत पोरगं स्वतःचं नाव लिहायचं, तेही निम्मं.

गारोफित्सा त्याच वस्तीतली. ती शाळेत होती तेव्हाही मीच घंटा वाजवायचो. चार वर्षं शेवटच्या बाकावर बसली आणि कोरी पाटी घेऊन घरी गेली. पुढं एकतिसाव्या वर्षी रविवारच्या वर्गाला जाऊन, दोन पोरं पदरात असताना आठवी पास झाली. मग सरकारनं तिला शाळेची मध्यस्थ नेमलं. 'वस्ती आणि शाळा यांमधला दुवा' असं नेमणूकपत्रात होतं. दुव्याचं काम म्हणजे सकाळी घरोघर जाऊन पोरं उठवायची, रांगेनं आणायची आणि फाटकात त्यांच्या डोक्यातल्या उवा शोधायच्या. अ तुकडीच्या उवा खानदानी, त्या कुणी शोधत नसे. करार दर ऑगस्टमध्ये नव्यानं व्हायचा, म्हणजे वर्षभर जीभ ताब्यात ठेवायची.

त्या वर्षी तिच्या रांगेत झम्फिरा आली. सात वर्षांची, आणि दिसेल ते मोठ्यानं वाचणारी. सूर्यफुलाच्या बियांची पुडी, दारूच्या दुकानाची पाटी, कबरीवरची नावं, काही सोडायची नाही. हिला वर बसवा, असं गारोफित्सा तीनदा म्हणून आली. हेडमास्तरांनी तीनदा सांगितलं, "जागा नाही." वर नऊ बाकं रिकामी होती. धूळ मीच पुसायचो.

फेब्रुवारीत पत्र आलं. रोमा पोरांना वेगळं बसवत नाहीत ना, हे बघायला बुखारेस्टहून आयोग येणार. आगाऊ कळवून येणारी तपासणी किती कडक असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. सहा पोरं धुऊनपुसून वर बसवली, त्यात झम्फिरा. उरलेल्या एकोणीस जणांची नदीवर निसर्गसहल काढली, बर्फात. मागच्या खोलीत मी पुन्हा लाकडं रचली.

झम्फिरानं धडा असा वाचला की आयोगाच्या बाईंनी डोळे पुसले. मग कोबीच्या पानातल्या खिम्याच्या सार्माले झाल्या, आलुबुखारची दारू, त्सुइका, झाली आणि प्रपत्र भरलं गेलं. मुलांची नावं, खोली, शिक्षिका, मागच्या खोलीचा वापर, खाली हेडमास्तरांची सही आणि गोल शिक्का. आमच्याकडे देवावर शंका घेतात, गोल शिक्क्यावर नाही.

"साहेब, एक प्रत मला द्याल? वस्तीत दाखवते, लोकांना बरं वाटेल," गारोफित्सा म्हणाली. साहेबांच्या पोटात चार पेले होते. हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं प्रत काढून दिली.

दुसऱ्या दिवशी ती सहा पोरं घेऊन थेट जिना चढली.

"अगं, कालचं नाटक संपलं," हेडमास्तर म्हणाले. "ने त्यांना मागं."

"नेते की. फक्त बुखारेस्टला दोन ओळी लिहा, कालचा कागद खोटा होता म्हणून."

हेडमास्तर हसले. "साविन, पेचकस आण. अ तुकडीची पाटी काढ आणि मागच्या दारावर लाव. झाली तीही अ तुकडी."

मी पाटी काढली. नोकरीचा प्रश्न होता, असं मी बायकोला सांगितलं.

गारोफित्सानं प्रतीची घडी उलगडली. उशिरा शिकलेली माणसं वाचतात तसं ओळीखाली बोट धरून वाचू लागली. "खोली क्रमांक चार, वरचा मजला. शिक्षिका लुक्रेत्सिया. मागच्या खोलीचा वापर, सरपण. साहेब, सरपणात पोरं बसवली तर तसं कळवायला लागेल. आणि कागदाप्रमाणं बाईंनाही मागं जावं लागेल ना?"

लुक्रेत्सियाबाई दारातच उभ्या होत्या. "मी त्या ओलीत बसणार नाही हं, माझे गुडघे आधीच गेलेत," त्या म्हणाल्या. "सहाच तर आहेत. बसू देत इथं."

शिक्षणमंत्र्यांना जे जमलं नाही ते बाईंच्या गुडघ्यांनी केलं. अ तुकडीतल्या चार घरांनी आपली पोरं शहरातल्या शाळेत हलवली. झम्फिरा तिसऱ्या बाकावर बसली आणि पाटी मी परत वर लावली. बाकी एकोणीस जणांची नावं कागदावर नव्हती, ते मागंच राहिले. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

ऑगस्टमध्ये हेडमास्तरांनी माझ्या हाती बंद पाकीट दिलं. मी वस्तीत गेलो तेव्हा गारोफित्सा अंगणात ढोबळ्या मिरच्या भाजून सोलत होती. हात काळे होते, म्हणून तिनं झम्फिराला हाक मारली. "वाच गं."

झम्फिरानं वाचलं. आयोगाच्या अहवालानुसार सदर शाळेत स्वतंत्र वर्ग अस्तित्वात नसल्यामुळे मध्यस्थ या पदाची आवश्यकता उरलेली नाही, सबब करार वाढवण्यात येत नाही.

"म्हणजे काय, मावशी?"

"म्हणजे आपण जिंकलो."

"मग मागच्या खोलीतल्यांना सकाळी कोण उठवणार?"

गारोफित्सानं हातातली मिरची सोलून संपवली. "कागदावर मागची खोली नाही, बाळ," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "एवढे अवघड शब्द, आणि एकदाही अडखळली नाही. ऐकलंस ना, साविनभाऊ?"

मी ऐकलं होतं. तिच्याकडे मला बघवेना. सप्टेंबर आठवड्यावर आला होता, आणि त्या खोलीत सुट्टीत रचलेली लाकडं काढून एकोणीस पोरांची बाकं मांडायला मला सकाळीच सांगितलेलं होतं.