भोंगाअप्पाची काडेपेटी

सोलापूरच्या बाळीवेशीत शिवलिंगप्पाला शिवलिंगप्पा म्हणून हाक मारली तर तो वळूनसुद्धा बघत नसे. कोणीतरी सरकारी माणूस आपल्याला शोधत आलाय असंच त्याला वाटे. त्याचं नाव भोंगाअप्पा. लग्न, बारसं, उरूस, जयंती, महापालिकेवरचा घागर मोर्चा, काही असो, बांबूवर चढून भोंगा बांधायचा तो अप्पानंच. अंगानं पोत्यासारखा, पंजे फावड्याएवढे, आणि आवाज असा की माईक तपासायला तो 'हॅलो' म्हणाला की माईक बंद असला तरी मागच्या गल्लीतून कोणीतरी 'कोन पायजे?' म्हणून ओरडायचं.

जगाकडं बघायची त्याची रीत सोपी होती. मोठं ते खरं. बॉक्स मोठे, टेम्पो मोठा, चहासुद्धा कपात नको, पाण्याच्या ग्लासात. त्यामुळं पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं, अक्षतानं, वाढदिवसाला त्याच्या हातावर एक इवलासा फोन ठेवला तेव्हा अप्पानं खोकं उलटं करून हलवून बघितलं.

"उरलेला कुटं हाय?"

"उरलेला काय अप्पा? एवढाच आहे."

"म्हंजे लेकरांचा?"

"अप्पा! कॉम्पॅक्ट फ्लॅगशिप आहे तो. कंपनीचा सगळ्यात भारी फोन. फक्त आकारानं लहान."

भारी आणि लहान. हे दोन शब्द एका वाक्यात अप्पानं जन्मात ऐकले नव्हते. "फ्लॅग म्हंजे झेंडाच न्हवं?" एवढं विचारून घेतलं आणि झेंड्याचा फोन आहे म्हणून जरा छाती फुगवली.

मागून गिरिजाबाई आली. अप्पाची बायको. आख्खी उमर बालवाडीतली लेकरं रांगेत उभी करण्यात गेलेली. नोकरी संपली, कवायत काही तोंडातून गेली नाही. दूध तापत ठेवलं की घरभर 'सावधान!' आणि भांडी घासून झाली की 'विश्राम!' तिनं हुकूम सोडला, "पोरीनं मायेनं दिलंय. नावं ठेवायची न्हाईत. सावधान!"

अप्पानं नावं ठेवली नाहीत. ती ठेवायला गाव समर्थ होतं. आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसाआड येतं, पण टोमण्याला रोज प्रेशर असतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर अप्पानं फोन कानाला लावला. फोन त्या फावड्यात असा गडप झाला की बघणाऱ्याला वाटावं, माणूस गाल धरून बसलाय.

"काय बे अप्पा, दाढ दुकतीय का?" मंडपवाल्या महादेवप्पानं विचारलं.

महादेवप्पा म्हणजे अप्पाचा धंद्यातला जोडीदार आणि जन्माचा खवचट. जिथं त्याचा मंडप तिथं अप्पाचा भोंगा, आणि जिथं दोघं तिथं भांडण.

"फोन हाय बे!" अप्पानं मूठ उघडून दाखवली. "फ्लॅगशिप! झेंड्याचा!"

"झेंडा? मग काठी कुटं हाय?"

टपरी हसली. महादेवप्पानं फोन दोन बोटांत धरून कानाजवळ हलवला. "आत काड्या शिल्लक हायती का बघतो. काडेपेटीच हाय की ही!"

झालं. पडला शब्द. सोलापुरात एकदा नाव पडलं की आधार कार्ड काही कामाचं नाही. चार दिवसांत बारकी पोरं मागून ओरडायला लागली, "काडेपेटी अप्पाऽऽ!" ज्यांचे फोन परातीएवढे आणि दर महिन्याला रिचार्ज बायकोच्या पैशातून, तेसुद्धा अप्पाच्या खिशाकडं बघून दात काढायला लागले. माणसाची उंची फोनच्या इंचात मोजणारी जमात! अप्पाचं डोकं रोज तापायचं.

आणि खरी पंचाईत वेगळीच होती. फोन अप्पाला आवडायला लागला होता. आधीचा थोराड फोन बांबूवर चढलं की खिशातून डोकं काढायचा आणि एकदा तर थेट आमटीच्या पातेल्यात उतरला होता. हा बंडीच्या चोरखिशात मांजराच्या पिल्लासारखा निजायचा. एका हातानं बांबू धरायचा, दुसऱ्या हाताच्या एकाच अंगठ्यानं सगळा कारभार. फोटो असे की गिरिजाबाईच्या नाकातल्या मोरणीचे खडे मोजावेत. पण हे बोलायचं कोणाला? घरात मुका घ्यावा आणि चौकात लपवावा, अशी त्या फोनची गत झाली होती.

वैताग एकच. पडदा बारका, अंगठा जाड. अप्पाचा अंगठा एका वेळी चार अक्षरांवर बसायचा आणि फोन आपल्या मनानं शब्द पुरवायचा. त्याच महिन्यात नातेपुत्याचे कोंडीबा त्यांच्या लेकीच्या, ऋतुजाच्या लग्नाची सुपारी देऊन गेले. नवऱ्याकडचे पाहुणे सोलापूरचे, म्हणून लग्न विजापूर रोडच्या मैदानात. अप्पानं त्यांना निरोप लिहिला, 'चार बॉक्स लावतो.' गेला तो, 'चार बोकड लावतो.'

लगेच फोन आला. "आवं अप्पा, गळ्यात माळ हाय माज्या! लग्नात बोकड?"

"बोकड न्हवं ओ, बॉक्स! बॉक्स!"

"मग तसं लिवा की! हितं म्हातारीनं हाय खाल्लीय."

त्या दिवसापासून अप्पानं लिहिणं सोडलं. जे काय ते बोलून पाठवायचं. त्याचं बघून गिरिजाबाईही बोलून पाठवायला लागली, आणि तिला तर आयुष्यात पहिल्यांदाच नवरा मधे न बोलता ऐकून घेतोय असं वाटल्यामुळं तिचे निरोप लांबत चालले.

लग्नाच्या आठवड्यात अप्पाचा टेम्पो सिद्धाराम पेंटरकडं रंगाला गेला. मागची जुनी अक्षरं पार उडाली होती. 'भोंगाअप्पा साऊंड' पुन्हा लिहायचं होतं. अप्पा पोचला तर महादेवप्पा तिथं आधीच सिद्धारामच्या कानाला लागलेला.

"सिद्ध्या, 'काडेपेटी साऊंड' लिही. आन बारीक लिही, फोन बगून."

सिद्धारामनं ब्रश डब्यात बुडवला आणि अप्पाकडं बघितलं. "काय लिहू अप्पा? गाव तर हेच म्हनालंय."

हे ऐकलं आणि अप्पाची कानशिलं पेटली. आख्खी हयात बांबूवर लोंबकळून कमावलेलं नाव, आणि ते एका दीडदमडीच्या विनोदानं पुसायचं? टेम्पोवर एकदा लिहिलं म्हणजे कायमचं झालं.

"ऐक बे म्हाद्या! ऋतुजाच्या लग्नात मंडप तुजा, आवाज माजा. सगळं लग्न ह्या फोनवर चालवतो. लॅपटॉप न्हाय, पेनड्राइव्ह न्हाय. कुटं अडलं तर ब्रश तुज्या हातात. लिही काय लिहायचं ते."

"आन न्हाय अडलं तर?"

"तर काडेपेटी हा शब्द तोंडातनं काढायचा न्हाय. बिडी पेटवायला मागितलीस तरी लायटर म्हनायचं."

"ठरलं की!" महादेवप्पानं मिशीवर ताव दिला. सिद्धारामनं टेम्पोची मागची बाजू कोरी ठेवली.

लग्नाच्या सकाळी अप्पा इस्त्रीची बंडी घालून टेबलामागं बसला. फोनवरून सनई लागली, चारी बॉक्स घुमले, वर दोन भोंगे. 'नवरीच्या मामांनी स्टेजकडं यावं' झालं, 'पांढऱ्या गाडीनं आचाऱ्याची वाट अडवलीय' हेही झालं. कुठं अडलं नाही. खांबाला टेकलेल्या महादेवप्पाचं तोंड उतरत चाललं.

अंतरपाट धरला. लोकांनी मुठीत अक्षता घेतल्या. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. पण लग्नसराईचा गळा, तो कुठवर साथ देणार? शेवटच्या कडव्याला गुरुजींनी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. मुहूर्त टळायला आलेला. गुरुजींनी अप्पाकडं बघून हातानं चक्र फिरवलं, लावा, लावा!

अप्पा तयार होता. गुरुजींच्या घशाचा भरवसा नव्हता म्हणून कोंडीबांनी आदल्या दिवशीच मंगलाष्टकाची रेकॉर्ड व्हॉट्सॲपवर पाठवली होती. यादीत कोंडीबा सगळ्यात वर. अप्पाचा अंगठा खाली निघाला. आणि त्याच क्षणी गिरिजाबाईचा निरोप येऊन टपकला. ती गेली वर, कोंडीबा सरकले खाली. एवढा जाड अंगठा निघाल्यावर माघारी फिरतोय होय? चष्मा कपाळावर, नजर महादेवप्पाच्या मिशीवर. दिसला त्रिकोण, दाबला.

भोंग्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला. मुठी सावरून सगळा मंडप सरसावला.

"अहो, ऐकताव न्हवं?"

अप्पानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. गिरिजाबाई!

"तितं पंगतीला वांगं आसंल. वांग्याला हात लावायचा न्हाय. मागल्या लग्नातनं कसं पळत घरला आलाव, आटवा जरा!"

अंतरपाटामागं नवरदेवाचे खांदे हलायला लागले. अप्पा बंद करायला धडपडला. पण बंद करायचं बटण आणि बाकीचा आख्खा फोन, सगळंच अंगठ्याखाली. दाबलं ते नेमकं वेग वाढवायचं. गिरिजाबाई दीडपट सुटली.

"जिलबी एकच खावा, साखर वाडलीय, म्हादेवप्पाच्या नादाला लागू नका, त्याच्या मंडपाला भोक हाय आन तोंडाला झाकन न्हाय, तारा उगड्या आसतेत, लेकरंबाळं फिरतेत, पाय बगून टाका, ध्यान देऊन ऱ्हावा, सावधाऽऽन!"

हा शब्द कानावर पडला आणि मुठी कोणाच्या ताब्यात राहिल्या नाहीत. लहानपणापासून लागलेलं वळण. सगळ्या मंडपातून अक्षता उडाल्या. बँडवाला तर याच शब्दाची वाट बघत होता, त्यानं ढोलावर काठी घातली. अंतरपाट खाली आला, ऋतुजानं हसत हसत हार घातला, नवरदेवानं डोळे पुसत पुसत घातला. मुहूर्तावर लग्न लागलं!

बँड थांबला. आता काय करायचं ते कोणाला कळेना, सगळे उभेच. तेवढ्यात फोननं आपण होऊन गिरिजाबाईचा पाठोपाठ आलेला दुसरा निरोप लावला.

"आन काम झालं की खुर्ची बगून बसा जरा. गुडगं दुकतेत तुमचं. विश्राम!"

सगळा मंडप खाली बसला.

महादेवप्पा टेबलाकडं धावत आला. "अडलं! अडलं की न्हाय? बायकूनं लग्न लावलं बे ह्याच्या! काडेपेटी नक्की!"

समोरून कोंडीबा फेटा सावरत येत होते. टेम्पोवर 'काडेपेटी' लिहिलेलं अप्पाला दिसायला लागलं. बारीक अक्षरात.

"अप्पा," कोंडीबा म्हणाले, "आदी बोकड. आता वांगं."

"चुकलं ओ कोंडीबा. अंगठा..."

"थांबा. लेक माजी मुहूर्ताला उजवली का न्हाय?"

"उजवली."

"मग अडलं कुटं?"

कोंडीबांच्या मागून त्यांची म्हातारी काठी टेकत आली. "कोन बाई हाय रं ती? लई झ्याक म्हनली. एरवी त्या मंगळाष्टकातलं काय सुदिक कळत न्हाय. हे समदं कळलं. म्या आज वांगं खानार न्हाय."

"आत्ती, तसं न्हवं ते..." महादेवप्पानं तोंड उघडलं.

"आन तू मंडपवाला न्हवं?" म्हातारीनं काठी वर केली. "भोक कुटं हाय ते दाव की!"

सगळ्यांनी वर बघितलं. होतं. चांगलं परातीएवढं, आणि त्यातून आलेलं ऊन बरोबर नवरदेवाच्या थोरल्या चुलत्याच्या टकलावर पडलं होतं. महादेवप्पाला एकाएकी शिडी शोधायचं काम आठवलं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट बाळीवेशीत पोचली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत काडेपेटी अप्पा मेला, सावधान अप्पा जन्माला आला. अप्पानं आधी थोडा थयथयाट केला. मग शब्द तोंडात घोळवून बघितला. सावधान. वजनदार आहे. मोठा आहे. भोंग्यातून सुटला की माणसं हातातलं टाकतात. यापेक्षा मोठं नाव कुठलं?

सिद्धारामनं टेम्पोच्या मागं हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, 'सावधान साऊंड'. तेव्हापासून त्या टेम्पोच्या मागं येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला उगीचच ब्रेक दाबतो. गिरिजाबाई तिथं कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं बजावलं, "नाव माजं हाय, ध्येनात ठेवा. आन खाली 'विश्राम' पन लिहा. थांबताना लोकास्नी कळाया पायजे."

अक्षताला हे सगळं कळलं तेव्हा तिनं पुण्याहून फोन केला. अप्पा टपरीवर बसला होता. पंजा गालाला.

"अप्पा, मोठ्या स्क्रीनचा पाठवू का? तुमचा अंगठा..."

"नको ग माय! अंगठा माजा जाड हाय, त्याला फोननं काय करावं? तू दिलेल्या फोनवर अक्षता पडल्यात. झेंड्याचाच हाय हा."

बाजूला महादेवप्पा ओठात बिडी धरून बसला होता. "दाढ..." एवढं त्याच्या तोंडून निघालं आणि अप्पानं डोळे वटारले. त्यानं टपरीवाल्याकडं तोंड फिरवलं आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाला, "ए, ते हे दे की... लायटर."

टपरीवाल्यानं काडेपेटी काढून दिली.