टाकीतली साय

बोटांच्या चिमटीत बांबूचं एक ओलं छिलपं धरायचं, अंगठ्याने हळूच चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि मान हलवून म्हणायचं, "जित्ती आहे." रोज सकाळी टाकी सांभाळणाऱ्या काकाजींचं एवढं झालं की आमच्या कारखान्याचा दिवस सुरू व्हायचा. मालक, मी आणि लॅबमधली माझी उपकरणं, आमचा नंबर त्यानंतर.

कारखाना सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा. साकोलीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांना लागून. दोन माणसांच्या उंचीची एक लाकडी टाकी आणि तिच्यात गळ्यापर्यंत बांबूच्या छिलप्यांचं भरण. वरून पातळ अल्कोहोल झिरपायचं, खालून पंख्याची हवा यायची आणि छिलप्यांवर धरलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर त्या अल्कोहोलचा सिरका करायचा. मी एमएस्सी झालेलो, त्या थराला बायोफिल्म म्हणायचो. काकाजी साय म्हणायचे आणि तिला घरच्या गाईसारखं सांभाळायचे.

छिलपी ते स्वतः आणत, सानगडीच्या बाजारात टोपल्या विकणाऱ्यांकडून. "पाठ नोको, पोट द्या," असं प्रत्येक वेळी सांगत. बांबूची हिरवी पाठ गुळगुळीत, तिच्यावर साय धरत नाही; आतल्या खरबरीत भागावर धरते. आणलेली छिलपी आठवडाभर जुन्या सिरक्यात भिजायची आणि मग एका वेळी एकच टोपली टाकीत जायची. मी एकदा घाई केली, तर म्हणाले, "नवी सून आल्याबरोबर चुलीपाशी नाई बसवत साहेब. पयले घर पाहू द्या तिले."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या कपड्यांना कामाचा वास कायमचा लागलेला असतो. त्यांच्या गावच्या, एकोडीच्या गाडीत काकाजींच्या शेजारी कोणी बसत नसे. "चांगलंच आहे ना," ते म्हणायचे, "मी पाय पसरून जातो."

त्यांच्या मुलीच्या लग्नात बुद्धवंदना आटोपली, नवरानवरीने हार घातले आणि नवरीचा बाप मांडवातून गायब. वीज गेली होती. पंखा बंद पडला की साय गुदमरते, म्हणून हा माणूस नव्या पांढऱ्या कपड्यांत शिडीवर चढून टाकीची झाकणं उघडत होता. मी म्हटलं, "काकाजी, पोरीचं लग्न आहे."

"तिले आता नवरा आहे पाहाले," ते म्हणाले. "इले कोन आहे?"

तिला मी होतो. पगार त्यासाठीच घेत होतो. मी काय केलं ते आता सांगतो.

काकाजींचा थोरला भाऊ वारला आणि ते चार दिवस एकोडीला गेले. जाताना बजावून गेले, "साहेब, काईच करू नोका. फक्त ओली ठेवा आन् हवा चालू ठेवा." त्याच आठवड्यात नागपूरहून लोणच्याच्या कंपनीची माणसं कारखाना बघायला येणार होती. मी टाकीचं झाकण उघडून पाहिलं. तपकिरी, चिकट, लोंबणारा थर. मला लाज वाटली. जिवाणूंवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेल्या मी, पाहुण्यांना घाण दिसेल म्हणून, ती टाकी गरम पाण्याने आणि ब्लीचिंग पावडरने धुऊन घेतली. छिलपी स्वच्छ, पिवळी निघाली. पाहुणे खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी टाकी गार पडली. चालत्या टाकीला आतून ऊब असते. हिला हात लावला तर विहिरीच्या दगडासारखी. वरून अल्कोहोल घाला, खालून अल्कोहोलच बाहेर. मालक धावत आले आणि इतक्या वर्षांची साय मेली कशी, असं विचारू लागले.

"भरण जुनं झालं होतं, सर," मी म्हणालो. "वेळेवर बदललं गेलं नाही."

भरण बदलणं कोणाचं काम, हे मालकांना ठाऊक होतं. काकाजी त्याच सकाळी परतले होते आणि माझ्या मागेच उभे होते. हातात छिलपं होतं. ब्लीचिंगचा वास मलासुद्धा येत होता, तर त्यांना येणारच. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मालकांना म्हणाले, "व्हय जी. माह्याकूनच राहून गेलं."

दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"राहू द्या," ते म्हणाले. "तुमाले आत्ता कुठं नोकरी लागली. लेकरू लहान आहे. माही अशी किती राहिली?"

मी गप्प बसलो. ते गप्प बसणं माझ्या सोयीचं होतं, हे इथे लिहायलाच हवं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी छिलपी साध्या पाण्यात धुतली, कुठून कुठून जुना सिरका मागून आणून त्यात भिजवली, टाकीला कान लावून बसले. साय धरायला महिने लागतात. मालकांना तेवढा धीर नव्हता. ट्रकभर प्लास्टिकच्या जाळीदार चकत्या आल्या, विकतचे जिवाणू आले, आणि जुनं भरण काकाजींनीच पोत्यांत भरून बाहेर काढलं. मग त्यांना बाटल्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. लेबलं वाकडी लागत. एका सोमवारी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. मी तिथेच होतो.

दोन वर्षांनी काकाजी गेल्याचं कळलं. मी एकोडीला गेलो. काकीजींनी चहा दिला.

"आखरीपर्यंत तेच लागलं होतं त्याइले," त्या म्हणाल्या. "माह्या चुकीनं मेली, म्हनत. एवढं जपत होते, तं चूक कशी झाली, म्हटलं. तं सांगेच नाईत."

मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. धुतलेली टाकी, पाहुणे, मालकांपुढचं खोटं. त्या ऐकत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"हे त्याइले मालूम होतं?"

"हो."

"पयल्या दिवसापासून?"

"हो."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"मी भांडली ना जी त्याइच्यासंग," त्या म्हणाल्या. "तुमच्या बेफिकिरीनं काम गेलं, म्हनून. मरेपर्यंत बोलली."

मग त्या उठून आत गेल्या. मी थांबलो. थोड्या वेळाने सून बाहेर आली, तिने कप उचलला आणि म्हणाली, "आई आता बाहेर नाई येत."