खंडेनवमीचं फ्लायव्हील

लग्न होऊन दोन वर्षं होत आली तरी नवऱ्याकडून मला एक दागिना मिळाला नव्हता, पण फ्लायव्हील म्हणजे काय ते मात्र पक्कं कळलं होतं. ह्यांनी ते मला जात्यावरून सांगितलं. जड जातं फिरवायला जोर लागतो, पण एकदा फिरलं की खुंटा सोडला तरी फिरत राहतं. हलकं जातं पटकन वेग घेतं, पटकन थांबतं. इंजिनाच्या मागे असंच एक बिडाचं चाक असतं, आणि शर्यतीच्या गाडीला ते हलकं लागतं. मी म्हटलं, मग आपल्या घरचं जातंही द्या लेथवर, माझे दंड भरून आलेत. हे हसले नाहीत. गाडीचा विषय निघाला की यांना विनोद कळत नसे.

नगरला स्टेशन रस्त्याला आमचं गॅरेज होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. त्याआधी हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होते. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. ती नोकरी लावण्यासाठी माझ्या सासूबाईंनी नेवाशाहून कितीतरी खेटे घातले होते. कुणाकुणाच्या ओट्यावर दिवसदिवस बसून राहिल्या होत्या. आणि ह्यांनी ती एका सकाळी सोडून दिली, आईला न विचारता. विचारलं असतं तर त्यांनी सोडू दिलीच नसती, हेही खरं.

तेव्हापासून सासूबाई ह्यांच्याशी बोलत नव्हत्या. माझ्याशी बोलायच्या. आम्ही गावी गेलो की जेवायला वाढताना म्हणायच्या, "त्याला सांग, भाकरी निवतीय." तो म्हणजे पोटचा पोरगा, हातभर अंतरावर पाटावर बसलेला. मग मी मान वळवून सांगायची, अहो, भाकरी निवतेय. पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर नंतर तळपायाची आग मस्तकात जायची. मी तशी फटकळच, माहेरी सगळे मला टरकून असायचे. पण इथं दोघंही मला तारेच्या खांबासारखं वापरत होते, आणि कुणावर चिडावं तेच कळत नव्हतं. मामंजी बैलांना चारा टाकायच्या निमित्तानं उठून जायचे.

हे मात्र आतून खचत होते. गॅरेज उघडलं त्या दिवशी आई आली नाही, याचं त्यांना फार लागलं होतं. पाय लावायलाही ती आली नाही, असं एकदा म्हणाले आणि तोंड फिरवलं.

दुष्काळाच्या आदलं वर्ष होतं ते. श्रीरामपूरकडचे एक बागाईतदार आमच्या ह्यांच्याकडे गाडी घेऊन आले. लाल रंगाची, दोन दारांची, बसकी. तिला त्यांनी मुंबईहून दोन कार्बोरेटर बसवून आणले होते, त्यामुळे इंजिनात जोर भरपूर, पण क्लच जुनाच. जोरात सोडला की घसरायचा. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी इमामपूरच्या घाटात पुण्याच्या हौशी मंडळींनी चढाची शर्यत ठेवली होती. एकेक गाडी घड्याळ लावून खालून सोडायची, वर लवकर पोचेल ती पहिली. बागाईतदारांची पाठ दुखरी होती. ते ह्यांना म्हणाले, "क्लच तुम्हीच बदला आणि चालवाही तुम्हीच. गाडी पहिली आली तर आमच्या सगळ्या दोस्तांच्या गाड्या तुमच्याकडे."

मग आमच्या घरात दुसरं काही उरलंच नाही. जुन्या बाजारातून, मिलिटरीच्या भंगारातून, क्लच दाबून धरणारी, कडक स्प्रिंगांची प्रेशर प्लेट शोधून आणली. क्लचप्लेटला कडेनं जाड लायनिंग, म्हणजे पकड घेणारा काळा थर, लावून आणलं. फ्लायव्हील नागापूरच्या एका लेथवाल्याकडे नेलं आणि मागच्या बाजूनं कडेचं बीड काढून हलकं केलं. परत आणलं तेव्हा त्याची पुढची बाजू अशी चमकत होती की मी त्यात पदर नीट केला. हे ओरडले, हात लावू नकोस. मग मला समजावून सांगितलं: क्लचप्लेट आणि चाक एकमेकांना घट्ट धरतात म्हणून गाडी चालते. दोन्ही ठणठणीत कोरडी लागतात. मध्ये तेलाचं बोट जरी आलं तरी पकड सुटते. त्यांनी चाक पेट्रोलनं पुसलं, प्लेटच्या शेजारी बाकावर वर्तमानपत्र अंथरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, पूजा करायची. दसऱ्याला बसवू म्हणाले.

खंडेनवमीला सकाळी हे घाट बघायला गेले. मी पुरण वाटत होते. तेवढ्यात गॅरेजच्या दाराशी कुणी खाकरलं. बघते तर सासूबाई. डोक्यावर बोचकं, त्यात शेतातली झेंडूची फुलं, आणि हातात किटली. पहाटेची एस.टी. धरून आल्या होत्या. मी पाया पडले. त्या म्हणाल्या, "घरची अवजारं काल धुवून, मांडून आले. म्हनलं, ह्याच्या हत्यारांची पूजा कोन करनार? तुला शहरातलीला येतीय का?"

एरवी मी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांना फक्त गॅरेज दाखवलं आणि पुरण लागेल म्हणून आत पळाले.

नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आले तर गॅरेज ओळखू येईना. पाने, हातोडे, जॅक सगळं पुसून, तेलाचा हात देऊन, ओळीनं मांडलेलं. गावाकडे नांगराचा फाळ, कुदळ, खुरपी असंच करतात. धुवायचं, तेल लावायचं म्हणजे गंज चढत नाही, मग हळदकुंकू. घरच्या करडीचं तेल, किटलीतलं. आणि मधोमध, सगळ्यात देखणं म्हणून, ते फ्लायव्हील. त्यावर हळदकुंकवाची पाच बोटं आणि झेंडूचा हार.

ठणठणीत कोरडं लागतं, म्हणाले होते हे. पण सासूबाईंचा चेहरा इतका फुललेला की मी ताट खाली ठेवून नैवेद्य दाखवला.

तेवढ्यात हे आले. दारातच थबकले. आईला बघून त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं. वाकून पाया पडले, आणि सासूबाई त्यांच्याशी दीड वर्षानं पहिलं वाक्य बोलल्या, "वाळलायस की रं. जेवत न्हाईस का?" मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. राग असो नसो, रडू मला लगेच येतं.

दुपारी त्या लवंडल्यावर मी हळूच ह्यांना चाकाचं सांगितलं. त्यांनी पाहिलं होतंच. म्हणाले, उद्या पेट्रोलनं धुवून काढतो, काय मोठंसं. मी विचारलं, आणि ती प्लेट? त्यांनी प्लेट उचलून उजेडात धरली. तिच्यावर ना हळद ना कुंकू. लायनिंग मुळातलंच काळपट, त्यात मुरलेलं तेल काय दिसणार? म्हटलं, आईंना विचारा ना, कशाकशाला तेल लावलं म्हणून. तर म्हणाले, "नको. आत्ता कुठं बोलायला लागलीय. विचारलं तर वाटेल, हात लावला म्हणून बोल लावतोय."

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर ह्यांनी चाक पेट्रोलनं धुतलं आणि क्लच बसवला. आवाज असा सुरेख, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागताच इंजिन झेप घ्यायचं. क्लचचं पॅडल मात्र इतकं कडक की माझ्यानं तर तळापर्यंत दबेचना. सासूबाई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. कोजागिरीपर्यंत राहते म्हणाल्या.

रविवारी त्याही आमच्याबरोबर घाटात आल्या. खालून तिसऱ्या वळणाशी, बांधावर, आम्ही दोघी बसलो. खाली गाड्या सुटत, एकेक आवाज चढत येई, वळणाला चाकं किंचाळत. सासूबाई डोक्यावरचा पदर दातात धरून बसल्या होत्या. मग लाल गाडी दिसली. पहिली दोन वळणं तिनं अशी घेतली की बाजूची पोरं उठून उभी राहिली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "आपला हाय न्हवं त्यो?" म्हणाल्या.

आणि आमच्या समोरच्या चढाला इंजिन एकाएकी मोकाट ओरडायला लागलं. आवाज वाढतोय आणि गाडी मंदावतेय. खालून निळा धूर निघाला. ह्यांनी गिअर खाली घेतला, पाय उचलला, पुन्हा प्रयत्न केला. गाडी रांगत, धापा टाकत आमच्यासमोरून गेली. यांचं तोंड मला दिसलं, आणि ते अजून दिसतं.

धूर आमच्यावर आला. जळक्या क्लचचा वास मी ओळखत होते. गॅरेजमागे राहणारीला तो चुलीच्या धुराइतका ओळखीचा. पण त्यात दुसरा एक वास होता. कढई तापून तेल करपावं तसा. शेजारचा एक पोरगा म्हणालाही, भजी तळतंय वाटतं कुणी. ते करडीचं तेल होतं. त्यातच मी रोज भाजी फोडणीला टाकत होते.

माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. चार महिन्यांचं काम, यांची झोप, बागाईतदारांचा शब्द, सगळं त्या किटलीपायी. मी वळले. तोंड उघडलंही असेल. सासूबाई धुराकडे बघत होत्या. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि उठून चपला घातल्या.

गाडी वर पोचली, सगळ्यांच्या शेवटी. बागाईतदारांनी काय झालं विचारलं. हे म्हणाले, माझ्याकडून बसवताना राहिलं काहीतरी. बागाईतदार भले गृहस्थ, मशीन आहे, चालायचंच, म्हणाले. पण पुढल्या आठवड्यात गाडी पुण्याला गेली ती गेली. दोस्तांच्या गाड्या काही आल्या नाहीत.

संध्याकाळी मागच्या खोलीत मी ह्यांना गाठलं. म्हटलं, मी सांगणार त्यांना. कुणीतरी सांगायला नको? उद्या दुसऱ्याच्या गाडीला फासतील तेल. तुम्ही गप्प बसा, मी आहे वाईट व्हायला. ह्यांनी आयुष्यात कधी माझ्यावर आवाज चढवला नाही, तेव्हाही नाही. एवढंच म्हणाले, "ती हात जोडायला आली होती गं माझ्या कामाला. ते माझ्याकडून हिरावून घेऊ नको."

मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प बसणं काय असतं ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई बोचकं बांधून तयार. कोजागिरीपर्यंत राहणार होतात ना, म्हटलं, तर म्हणाल्या, म्हातारा एकटाच हाय. एस.टी.त बसल्या आणि खिडकीतून बाहेर पाहिलंही नाही. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा तोंड फुगलं. हरला म्हणून पोरावर रुसल्या असणार. तेही मी ह्यांना बोलून दाखवलं, आणि हे दोन दिवस नीट जेवले नाहीत.

पुढचं वर्ष बहात्तरचं, त्याचं काय सांगायचं. विहिरीचा तळ दिसला. मामंजी बैलांबरोबर छावणीवर राहायला गेले आणि सासूबाईंना आम्ही नगरला आणलं. यांच्याशी त्या बोलत होत्या, पण कामापुरतं. गॅरेजमध्ये पाऊल टाकत नसत. शर्यतीच्या गाड्या स्वप्नातच राहिल्या होत्या. आता चारा वाहणारे ट्रक आणि टेम्पो. त्यांचे क्लच मात्र सारखे जळायचे, त्यामुळे हाताला काम होतं.

खंडेनवमी आली. ह्यांनी आदल्या दिवशी एक तडा गेलेलं जुनं फ्लायव्हील भंगारातून काढलं, घासूनपुसून चकचकीत केलं, आणि बाकावर मधोमध ठेवलं. आईसाठी. टेम्पोची नवी क्लचप्लेट मात्र माझ्या ज्वारीच्या डब्यात, झाकण लावून. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

सासूबाई ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, दुष्काळातली चार सुकी फुलं. किटली नव्हती.

"आई, तेल राहिलं का?" ह्यांनी विचारलं.

"राह्यलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आनलंच न्हाई." मग त्या तडा गेलेल्या चाकाकडे बघत राहिल्या. "वास मला बी आल्ता, लेका. घाटात. माज्या घानीचं तेल मला कळंना व्हय?"

त्या हळू आवाजात सांगू लागल्या. म्हनलं आता पोरगं बोलंल. रातभर वाट बगितली. तू काय बोलला न्हाईस. मंग म्हनलं, हितं राह्यचं कोन्त्या तोंडानं?

वर्षभर मी त्यांना रुसकी म्हणत होते. वर्षभर हे आईला जपत होते आणि ती इकडे एकटी जळत होती. मला माझ्या नवऱ्याचा राग आला, सासूचा आला, आणि कुशीत घ्यावं तर दोघांनाही घ्यावंसं वाटलं.

हे आत गेले, ज्वारीच्या डब्यातून प्लेट काढून आणली, दाणे झटकले आणि आईसमोर धरली. कडेच्या काळ्या लायनिंगवर बोट फिरवून म्हणाले, "हितं तेल चालत न्हाई." मग सासूबाईंचं कुंकवाचं बोट आपल्या हातात धरून प्लेटच्या मधल्या लोखंडावर टेकवलं. "हितं लाव, आई. हितं चालतं."

सासूबाईंनी कुंकू लावलं. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मंग येड्या, हे गेल्या वर्सालाच दावायचं व्हतंस की."